हाक कोणाची? : भ्रमणध्वनीवरील सूचनाध्वनींच्या निवडीची भाषाशास्त्रीय चिकित्सा

१

भ्रमणध्वनीवर संदेश आला की जो क्षणभराचा ध्वनी उमटतो, त्याला बोलण्यात 'टोन' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याला सूचनाध्वनी म्हटले आहे. हा ध्वनी आपल्या पसंतीने बदलण्याची, इतकेच नव्हे तर माणसागणिक वेगळा ठेवण्याची सोय आज बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. या सोयीकडे सामान्यतः हौसेची बाब म्हणून पाहिले जाते, आणि म्हणूनच तिची गंभीर चिकित्सा सहसा होत नाही. परंतु जेथे ध्वनी आणि अर्थ यांची सांगड घातली जाते, तेथे भाषाशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतोच. ही सांगड कोण घालतो आणि ती कोणाला कळते, हा तो प्रश्न होय.

त्याच्या विचारासाठी खोपोलीसारखे गाव सोयीचे आहे. बोरघाटाच्या पायथ्याचे हे गाव कर्जतेशी सुमारे पंधरा किलोमीटरांच्या रेल्वेफाट्याने जोडलेले आहे. १९१५ मध्ये येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि पुढे पोलादाचे व नळ्यांचे कारखाने आले. घाट, रेल्वे आणि कारखाना या तिहींच्या सान्निध्यात वाढलेल्या गावाचा दिवस ध्वनिसंकेतांनी आखलेला असतो. गाडीची शिट्टी, पाळीचा भोंगा, घाटातील वळणावर वाजवलेला हॉर्न हे सर्व अशा संकेतांचेच नमुने होत. त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. ध्वनी करणारा एक असतो, ऐकणारे अनेक असतात, आणि ध्वनीचा अर्थ ऐकणाऱ्या सर्वांना आधीपासून ठाऊक असतो. भोंगा झाला की कामगार निघतो, आणि कामगाराच्या घरचेही घड्याळ लावून घेतात.

खेड्यातील दवंडीचा घाटही असाच होता. प्रथम डफ वाजे, मग शब्द येत. डफाला स्वतःचा मजकूर नव्हता. 'आता ऐका' एवढेच तो सांगे. सूचनाध्वनी हा या डफाचा वारस आहे. मात्र दवंडीचा डफ गावाचा होता आणि सूचनाध्वनी एका खिशाचा आहे. या स्थित्यंतरात नेमके काय बदलले, ते पाहिले पाहिजे.

२

कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषाविषयक ग्रंथात भाषिक चिन्हाची तीन कार्ये सांगितली आहेत. चिन्ह वस्तूचे निवेदन करते, बोलणाऱ्याची अवस्था व्यक्त करते, आणि ऐकणाऱ्याला आवाहन करते. कोणतीही हाक या कसोटीवर लावली तर तिच्यात निवेदन जवळजवळ नसते, पण उरलेली दोन कार्ये पूर्ण भरलेली असतात. आई मुलीला 'अगं' म्हणते तेव्हा त्या दोन अक्षरांत मुलीला आवाहन असते आणि आईची मनःस्थितीही असते. सहज मारलेली, रागाने मारलेली आणि घाबरून मारलेली 'अगं' ही हाक अक्षरांनी एक, पण स्वराने तीन असते. कोणाचाही अर्थ विचारावा लागत नाही.

मराठी या बाबतीत विशेष संपन्न आहे. 'अरे', 'अगं', 'अहो' ही संबोधने व्याकरणकार केवलप्रयोगी अव्ययांत घालतात. परंतु त्यांचे काम केवळ उद्गाराचे नाही. हाक मारणाराचे समोरच्याशी नाते काय, आदर किती आणि सलगी किती, हे ती एका शब्दात सांगतात. घरातून 'अहो' अशी हाक आली की ती कोणाला आहे हे घरातील प्रत्येकाला समजते.

या सर्व व्यवहारात एक गोष्ट इतकी स्वाभाविक आहे की ती सहसा नजरेत येत नाही: हाक निवडण्याचा अधिकार हाक मारणाराचा असतो. ज्याला हाक मारायची त्याने ती ऐकावी किंवा ऐकून न ऐकल्यासारखे करावे; परंतु ती कोणत्या शब्दाने आणि कोणत्या स्वरात यावी, हे तो ठरवू शकत नाही.

३

सूचनाध्वनीच्या निवडीत हाच अधिकार उलटला आहे, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. भावाचा संदेश आला तर घंटी वाजावी, कार्यालयाचा आला तर टकटक व्हावी, बँकेचा आला तर काहीच वाजू नये, हे सर्व घेणारा ठरवतो. पाठवणाऱ्याला आपला संदेश दुसऱ्याच्या खिशात कोणत्या आवाजाने पोहोचला, याची गंधवार्ताही नसते.

हा उलटा प्रवास एकदम झालेला नाही. नोकियाच्या जुन्या संचांवर 'स्पेशल' नावाचा एक सूचनाध्वनी होता: तीन ऱ्हस्व, दोन दीर्घ, पुन्हा तीन ऱ्हस्व. मोर्सच्या तारलिपीत ही 'एसएमएस' ही अक्षरे होत. म्हणजे तो ध्वनी आपल्या आगमनाचा प्रकार अक्षरशः उच्चारत होता. तो ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना तारलिपी येत नव्हती. तरीही 'संदेश आला' हा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक झाला. सोस्यूरने सांगितलेली चिन्हाची यादृच्छिकता याहून स्वच्छ रीतीने क्वचितच दाखवता येईल. अर्थ ध्वनीच्या घडणीतून आला नाही, तो समूहाच्या सवयीतून आला.

पण या सामायिकतेची अडचणही तितकीच खरी होती. कर्जतेहून खोपोलीकडे निघालेल्या गाडीच्या डब्यात एक टोन वाजला की दहा हात दहा खिशांकडे जात. सर्वांचा ध्वनी एक असेल तर तो कोणालाच हाक मारीत नाही. वेगळेपणाची गरज येथून निर्माण झाली आणि ती रास्त होती.

पुढील यंत्रणेने ही गरज पुरी केली. अँड्रॉइडच्या २०१७ मधील आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक ॲपच्या सूचनांचे 'चॅनेल' नावाचे स्वतंत्र वर्ग झाले. वर्ग कोणते असावेत हे ॲप घडवणारा ठरवतो. परंतु वर्ग एकदा तयार झाला की त्याचा ध्वनी तो बदलू शकत नाही, ते केवळ वापरणाऱ्याच्या हाती राहते. व्हॉट्सॲपवर एकेका व्यक्तीसाठी निराळा ध्वनी नेमता येतो. आयफोनवर माणसाच्या नावापुढेच त्याचा ध्वनी लिहून ठेवता येतो.

या स्वातंत्र्याला एक मर्यादा मात्र आहे: ज्या यादीतून निवडायचे ती यादी निर्मात्याची असते. २०२३ च्या सप्टेंबरात ॲपलने आयफोनचा वर्षानुवर्षे कानात बसलेला मूळ सूचनाध्वनी बदलून दुसरा, पुष्कळ मंद ध्वनी आणला. तो ऐकू येत नसल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातील सुधारणेत तो बदलण्याची मोकळीक द्यावी लागली. भाषेतील चिन्ह एकट्या व्यक्तीला बदलता येत नाही, असे सोस्यूरचे मत आहे. येथे ते एका कंपनीला रात्रीत बदलता आले. तथापि समूहाने ते मुकाट्याने स्वीकारले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

४

आता या सोयीचे मूल्यमापन करता येईल. नामकरणाचे साधन म्हणून ती उत्तम आहे. खिशातून संच न काढता संदेश कोणाचा हे कळणे ही लहान सुविधा नव्हे. यंत्रापुढे हात गुंतलेल्या कामगाराला किंवा घाटात चाक धरलेल्या चालकाला तिचे मोल अधिक कळते.

परंतु हाक म्हणून ती अपुरी आहे. नेमलेला ध्वनी 'कोण' एवढेच सांगतो. 'कसे' हे सांगूच शकत नाही. आईच्या नावापुढे नेमलेली घंटी तिने येताना कोथिंबीर आणायला सांगितली तरी तीच वाजते, आणि छातीत दुखत असल्याचे कळवले तरी तीच वाजते. ब्यूलरच्या परिभाषेत बोलायचे तर आवाहन शिल्लक राहिले आणि अभिव्यक्ती गळाली. नेहमीच्या भाषेत सांगायचे तर आईची हाक गेली आणि आईच्या नावाची पाटी राहिली.

बोललेले शब्दच सूचनाध्वनी म्हणून लावण्याची एक हौस आहे. लहान मुलाच्या आवाजात 'बाबा, मेसेज आला' असे ध्वनिमुद्रित करून ठेवतात. वरवर पाहता येथे मानवी स्वर परत आल्यासारखा वाटतो. वस्तुतः हा स्वर एका विशिष्ट क्षणी गोठलेला असतो. शोकसभेत, परीक्षेच्या दालनात, दवाखान्याच्या बाकावर तो त्याच आनंदाने 'बाबा' म्हणतो. प्रसंगाप्रमाणे न बदलणारा स्वर हा स्वर नसून शिक्का आहे, आणि अशा ध्वनीचे जे अल्पावधीत हसे होते त्याचे कारण हेच आहे.

यंत्रणा घडवणाऱ्यांना ही उणीव जाणवलेली दिसते. आयफोनवर ठराविक व्यक्तीचा ध्वनी संच मूक असतानाही वाजू देण्याची तरतूद आहे. पण तीही घेणाऱ्यानेच आधी करून ठेवावी लागते. अधिक बोलकी आहे ती दुसरी तरतूद: 'व्यत्यय नको' असे लावले असतानाही एकाच व्यक्तीने तीन मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू देता येतो. पुनरुक्तीतून निकड व्यक्त होते, हे तत्त्व येथे यंत्राने मान्य केले. 'अगं, अगं' या द्विरुक्तीत मराठी भाषकाने ते फार पूर्वीच मानलेले आहे.

याहून बोधप्रद उदाहरण लोकांनी स्वतः घडवलेले आहे, ते 'मिस कॉल'चे. 'पोचलास की मिस कॉल दे', 'दोनदा वाजला की खाली ये' अशा करारांवर आपल्याकडील कित्येक कुटुंबांनी वर्षानुवर्षे व्यवहार केला. पैसे वाचवण्याची युक्ती म्हणून त्याची बोळवण केली जाते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती एक लहानशी, नियमबद्ध संकेतव्यवस्था होती. किती वेळा वाजवायचे हे पाठवणारा ठरवी, अर्थ दोघांनी मिळून ठरवलेला असे, आणि ध्वनी कोणता हा प्रश्नच गौण असे. ध्वनींच्या सजलेल्या याद्या जे देऊ शकल्या नाहीत, ते एका न उचललेल्या फोनने दिले.

५

हा विचार केवळ सोयीगैरसोयीचा नाही, हे खालापूर तालुक्यास सांगावे लागत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. शोधकार्य थांबवले तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. दुसऱ्या दिवशी, २० जुलैच्या सकाळी, महाराष्ट्रातील असंख्य भ्रमणध्वनींवर एक अपरिचित, कर्कश ध्वनी वाजला आणि त्याबरोबर इशाऱ्याचा मजकूर झळकला. दूरसंचार विभागाने घेतलेली ती आपत्कालीन इशाराव्यवस्थेची चाचणी होती. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. चाचणीचे कार्य आणि डोंगराचे कोसळणे केवळ काळाने शेजारी आले. तरीही अभ्यासकाला त्यांचे हे शेजारपण टाळता येत नाही.

या इशाऱ्यात हाक मारण्याचा अधिकार पुन्हा हाक मारणाराकडे गेलेला आहे. काही प्रकारचे इशारे बंद ठेवण्याची सोय संचात असते. परंतु त्यांचा ध्वनी कोणाला आवडीप्रमाणे बदलता येत नाही. तो एका व्यक्तीच्या यादीतून येत नाही, मनोऱ्याच्या कक्षेतील सर्व संचांवर एकाच रूपात येतो. म्हणजे दवंडीचा डफ परत आला आहे. परंतु त्या सकाळी अनेकांना त्या ध्वनीचा अर्थ उमगला नाही. कोणाला तो बिघाड वाटला, कोणाला फसवणूक. कारण स्पष्ट आहे. भोंग्याचा अर्थ पिढ्यांनी शिकलेला होता, हा ध्वनी कोणी कोणाला शिकवलेला नव्हता. समूहाने न स्वीकारलेला ध्वनी कितीही मोठा असला तरी तो चिन्ह होत नाही, गोंगाटच राहतो.

एकूण स्थिती अशी आहे. नेमून घेतलेल्या ध्वनींचा अर्थ ज्याचा त्यालाच ठाऊक आहे, आणि सर्वांसाठी असलेल्या ध्वनीचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक आहे. मधली जागा, म्हणजे सामायिक संकेताची जागा, रिकामी आहे.

६

हॉर्नच्या बाबतीत ही जागा कायद्याने राखली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११९ वा नियम एकामागून एक निरनिराळे सूर काढणारा हॉर्न सामान्य वाहनास वर्ज्य करतो. रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांना वेगळा आवाज मोकळा ठेवतो. घाटाच्या वळणावर हॉर्न हौसेचा असून चालत नाही, हे त्यामागील तत्त्व आहे. अमेरिकेत आपत्कालीन इशाऱ्याचे ध्वनी जाहिरातींत किंवा करमणुकीच्या कार्यक्रमांत वापरण्यास मनाई आहे, तीही याच कारणाने. जो ध्वनी सर्वांचा, तो कोणा एकाच्या आवडीला द्यावयाचा नसतो.

सूचनाध्वनींच्या निवडीवर बंधन घालावे, असा याचा अर्थ नव्हे. माणसाने आपल्या माणसांना आपल्या कानांपुरती नावे द्यावीत. त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. दोष आहे तो त्या नावांना हाक समजण्यात. या सोयीला पूर्णत्व यायचे असेल तर दोन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, पाठवणाऱ्याला आपल्या संदेशाबरोबर निकडीची एखादी खूण पाठवता आली पाहिजे. ती मानायची की नाही हे घेणाऱ्याने ठरवावे, पण ती त्याच्यापर्यंत पोहोचावी. दुसरी, संकटाचा ध्वनी शाळेत, ग्रामपंचायतीत, कारखान्याच्या फाटकावर वारंवार ऐकवून त्याचा अर्थ सांगितला पाहिजे, जसा भोंग्याचा अर्थ कोणीही न शिकवता गावाने शिकून घेतला होता. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या वस्त्यांत हे काम पावसाळ्यापूर्वी व्हावयास हवे. ध्वनी यंत्रात घालणे हे अभियंत्याचे काम आहे. त्याला अर्थ देणे हे बोलणाऱ्या समाजाचेच काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.