साक्षीच्या वाचनाची पूर्वतयारी

आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेल्या प्रीमो लेव्ही या इटालियन ज्यू रसायनशास्त्रज्ञाच्या आठवणी १९४७ साली प्रसिद्ध झाल्या. भोर तालुक्यातील कामथडीसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्यास 'ज्यू' म्हणजे फार तर शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातील शनवार तेली ठाऊक असतात. जन्मावरून माणूस हीन ठरविणे मराठी समाजास अपरिचित नाही. परंतु राज्यसंस्थेने एका समाजाचा समूळ संहार योजावा, हे त्याच्या अनुभवाबाहेरचे आहे. म्हणून इटलीतील १९३८ चे वंशभेदी कायदे व फेब्रुवारी १९४४ मधील लेव्हीची छावणीत रवानगी अध्यापकाने अवश्य सांगावी. करुणरसाची अपेक्षा मात्र आधी निर्माण करू नये. लेव्हीचे संयत निवेदन साक्षीदाराचे आहे. निवाडा वाचकाकडे सोपविलेला आहे. अध्यापकाने अश्रूच आधी हाती दिले, तर तो निवाडा होतच नाही.