दोन घटना आणि वीस वर्षं

चिंपांझी आणि गोरिला एकाच जंगलात राहिले तर काय होतं? 2021 मध्ये गॅबॉनमधल्या लोआंगोचा पेपर आला: चिंपांझींनी गोरिलांवर दोनदा हल्ला केला, दोन्ही वेळा गोरिलाचं एक पिल्लू मेलं. 2022 मध्ये क्रिकेट सांझ, डेव्हिड मॉर्गन वगैरेंचा, काँगोतल्या गुआलूगोचा पेपर: दोघं उंबराच्या जातीच्या एकाच झाडावर खातात, पिल्लं खेळायला ठरावीक सोबती शोधतात.

सेमिनारमध्ये मी हे दोन्ही शेजारी ठेवून ‘विरोधाभास’ म्हणून मोकळा झालो. तुम्ही तसं करू नका. लोआंगोतल्या दोन घटनांवरून असं घडू शकतं एवढंच कळतं, किती वेळा घडतं ते नाही. अन्नाच्या स्पर्धेचं कारण तिथे अंदाज म्हणूनच मांडलंय. गुआलूगोचा भक्कमपणा बातम्यांतल्या ‘मैत्री’त नाही, एकेक प्राणी ओळखून वीसेक वर्षं नोंदी ठेवल्या, म्हणून ‘तोच सोबती’ म्हणता येतं.

तरी एक अडचण राहतेच (दोन्हीकडे). माणूस हजर होता तेव्हाचंच आपल्याला माहीत आहे. म्हणून ‘निष्कर्ष’ सोडा, आधी ‘पद्धती’ उघडा: किती तास पाहिलं, आणि कोणाच्या मागे फिरून?