शेजारी आणि रणांगण : उशिरा पटलेली ओळख

ज्या कलावंताने आयुष्यभर एकाच माध्यमाशी संसार केला, त्याचे मूल्यमापन करणे समीक्षकाला सोपे जाते. जो नाटकातून चित्रपटात, चित्रपटातून कादंबरीत आणि तेथून पुन्हा नाटकात येतो, त्याच्या वाट्याला बहुधा वाटणीच येते. नाट्यसमीक्षक त्याची नाटके घेतात, चित्रपटांचे इतिहासकार चित्रपट घेतात, अभ्यासक्रम कादंबरी उचलतो. आणि हे सारे करणारा माणूस एकच होता, ही साधी गोष्ट मागे राहते. विश्राम बेडेकर (१९०६-१९९८) यांच्या बाबतीत असेच झाले आहे.

बेडेकर जन्माने अमरावतीचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडातले. आमची चिखली ज्या धर्मप्रांतात मोडते, त्याचे पीठही अमरावतीलाच आहे. त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीत झाला. १९३३ साली त्यांचे 'ब्रह्मकुमारी' हे नाटक रंगभूमीवर आले. बोलपटाच्या लाटेने नाटक मंडळ्यांच्या पायाखालची वाळू सरकत होती. 'बलवंत'नेही चित्रपटाची वाट धरली आणि १९३४ च्या 'कृष्णार्जुन युद्ध' या बोलपटाचे दिग्दर्शन चिंतामणराव कोल्हटकरांसह बेडेकरांनी केले. पुढे चित्रपटविद्या शिकण्यासाठी ते इंग्लंडला गेले. परतल्यावर त्यांनी १९३९ साली 'रणांगण' लिहिली. ही त्यांची एकुलती एक कादंबरी. त्यानंतरची कित्येक वर्षे चित्रपटांची : प्रभातसाठी लिहिलेला 'शेजारी' (१९४१), गजानन जागीरदार आणि राजा नेने यांच्यासह दिग्दर्शित केलेला 'रामशास्त्री' (१९४४), हिंदीतील 'रुस्तम सोहराब' (१९६३). उतारवयात 'टिळक आणि आगरकर' हे नाटक आले. आणि १९८४ च्या 'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

एवढ्या विविध कामांतून काही एक सूत्र निघते का? माझ्या मते निघते. बेडेकरांच्या लेखनात वारंवार दोन माणसे समोरासमोर येतात. ती एकमेकांची असतात, पण ते त्यांना वेळेवर कळत नाही, किंवा कळूनही वळत नाही. जेव्हा ओळख पटते तेव्हा फार उशीर झालेला असतो. रुस्तम आपल्याच पुत्राशी झुंजतो आणि सोहराब मरणाच्या दारी असताना त्याला नाते कळते. टिळक आणि आगरकर हे एका ध्येयाने घराबाहेर पडलेले मित्र तत्त्वापायी दुरावतात. परंतु या सूत्राची खरी कसोटी लागते ती दोन वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या दोन कलाकृतींत : 'रणांगण'मध्ये आणि 'शेजारी'मध्ये. त्या दोन्ही एकत्र ठेवून वाचल्या पाहिजेत.

'रणांगण'ची कथा थोडक्यात सांगता येते. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण विलायतेहून बोटीने मायदेशी परतत आहे. पूर्वीच्या एका प्रेमभंगाने त्याचे मन कडवट झालेले आहे. त्याच बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले यहुदी आहेत. त्यांत हेर्टा आहे. दोघांचा परिचय होतो, परिचयाचे प्रेमात रूपांतर होते. मुंबई येते. तो उतरतो, ती उतरत नाही. बोट तिला घेऊन पुढे निघून जाते. मागाहून तिची पत्रे येतात आणि तिने आपले जीवन संपवल्याचे त्याला कळते.

कादंबरी छोटेखानी आहे. तिची बांधणी चित्रपट जाणणाऱ्याची आहे : प्रसंगाला लागून प्रसंग, मोजके संवाद, आठवणीचा मध्येच झळकणारा तुकडा. वर्णनाचा पसारा जवळजवळ नाही. त्या काळच्या मराठी कादंबरीला ध्येयवादी नायकाची सवय होती. बेडेकरांचा चक्रधर मात्र ना ध्येयवादी, ना खलपुरुष. तो सुशिक्षित, संवेदनशील, सुस्वभावी आहे; आणि ऐन वेळी तो काहीच करत नाही. त्याच्यापाशी कारणे आहेत : देश पारतंत्र्यात, हाती पैसा नाही, कायदा परक्यांचा. ही कारणे खोटी नाहीत, म्हणूनच ती वाचकाला बोचतात. आपणही बहुतेक वेळा खऱ्या कारणांच्याच आडोशाला उभे राहतो.

'शेजारी'ची गोष्ट गावातली. एक हिंदू पाटील आणि एक मुसलमान मिर्झा हे दोघे जीवश्चकंठश्च मित्र. धरण बांधू पाहणारा एक धनिक आपल्या स्वार्थासाठी त्यांच्यात फूट पाडतो. वैर विकोपाला जाते. आणि शेवटी धरणाच्या प्रलयात दोघे एकमेकांचा हात धरून मृत्यूला सामोरे जातात. दिग्दर्शक शांताराम बापूंचा हा प्रभातमधील अखेरचा चित्रपट. मराठीत केशवराव दाते पाटील झाले आणि मिर्झाची भूमिका केली गजानन जागीरदार यांनी. तेही मूळचे अमरावतीचे. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत तर मजहर खान हे मुसलमान नट हिंदू ठाकूर झाले आणि जागीरदार पुन्हा मिर्झा झाले. लाहोर येथे मुस्लिम लीगने वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. अशा वेळी एकमेकांच्या धर्माची वस्त्रे परिधान करून पडद्यावर उभे राहणे हे साधे धैर्य नव्हते.

आता या दोहोंतील भेद पाहू. 'शेजारी'त दोष बाहेरून येतो. धनिक आला नसता तर पाटील आणि मिर्झा सुखाने नांदले असते, असा दिलासा प्रेक्षकाला मिळतो. समेटही घडतो, पण तो मरणाच्या उंबरठ्यावर. आणि त्यामुळे समेटानंतर एकमेकांसोबत जगण्याची जी कठीण जबाबदारी असते, ती कोणावरच पडत नाही. धर्मगुरू म्हणून मला येथे एक साम्य आठवते. कबुलीजबाबाला येणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे पाप सांगणे नेहमी सोपे वाटते. 'शेजारी' पापाची कबुली पुरी होण्याआधीच क्षमा देऊन टाकतो. 'रणांगण' क्षमा देत नाही. हिटलर तेथेही आहे, पण चक्रधरच्या न उचललेल्या पावलाचा दोष त्याच्यावर ढकलण्याची मुभा बेडेकर वाचकाला देत नाहीत. ती कादंबरी विवेकाच्या परीक्षेपाशी येऊन थांबते. म्हणूनच, चित्रपटाच्या सर्व गुणांचा मान राखूनही, मी कादंबरीला श्रेष्ठ मानतो.

तिच्यात उणिवा नाहीत असे नव्हे. हेर्टा आपल्याला बव्हंशी चक्रधरच्या नजरेतून दिसते. तिचे समर्पण इतके निःशेष आहे की काही ठिकाणी ती व्यक्ती न राहता त्याच्या अपराधाची मोजपट्टी होते. तिचा स्वतःचा आवाज खऱ्या अर्थाने ऐकू येतो तो पत्रांतून, म्हणजे ती निघून गेल्यावर. हा दोष आहे की योजना, यावर वाद होऊ शकेल. मला तो दोष वाटतो.

लूककृत शुभवर्तमानात एका शास्त्र्याने प्रभू येशूला शेजाऱ्याची व्याख्या विचारली. प्रभूने व्याख्या दिली नाही, गोष्ट सांगितली. रस्त्यात घायाळ पडलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. त्यांनी त्याला मारले नव्हते. ते फक्त थांबले नाहीत. चक्रधर त्यांच्याच रांगेतला आहे. आणि तो एकटा नव्हता. १९३९ च्या मे महिन्यात 'सेंट लुईस' ही बोट ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून निघाली. त्यांतील बहुतेक सारे यहुदी होते. हवानाने मोजके प्रवासी सोडून इतरांना उतरू दिले नाही, अमेरिकेनेही दार उघडले नाही, आणि बोट युरोपला परतली. परतलेल्यांपैकी अडीचशेहून अधिक माणसे पुढे नाझींच्या संहारात बळी पडली. ज्यांनी दारे लावली त्या देशांतील बहुसंख्य लोक ख्रिस्ताचे नाव घेणारे होते. 'रणांगण' वाचणाऱ्या ख्रिस्ती वाचकाला हे विसरता येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली यहुद्यांवरील सामूहिक दोषारोप नाकारला. मार्च १९९८ मध्ये परमपीठाने त्या महासंहारावर चिंतनपर निवेदन काढून ख्रिस्ती लोकांच्या अपुऱ्या प्रतिकाराबद्दल खेद व्यक्त केला. बेडेकरांचे निधन त्याच वर्षीचे. जे आपल्याला दशकांनी कळले, ते एका मराठी कादंबरीकाराने १९३९ मध्येच ओळखले होते.

मराठी मातीला यहुदी माणूस परका नव्हता. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल 'शनिवार तेली' म्हणून आपल्यातच नांदत होते. परागंदा माणसाला आसरा देणेही या मातीला अशक्य नव्हते. पुढे १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले. ते बहुतांशी कॅथलिक, म्हणजे आपलेच बांधव. हेर्टाला जे दार मिळाले नाही, ते आपल्या माणसांसाठी उघडले होते; या उपकाराची आठवण आपण ठेवायला हवी.

हेर्टाच्या मृत्यूविषयी एक शब्द. ज्या बुलढाणा जिल्ह्यात मी सेवा करतो, तेथे आत्महत्या ही कादंबरीतली गोष्ट नाही. कर्ज आणि नापिकी यांनी खचलेल्या घरात सांत्वनाला जाऊन बसले की शब्द सुचत नाहीत. ख्रिस्तसभा आज अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नका, असे शिकवते; त्यांच्यासाठी प्रार्थना करते. पण ज्या घरात दिवा विझला, त्याच्या आसपासच्या घरांनी काय करायचे? हेर्टाची पत्रे चक्रधरला मागाहून मिळाली. आपल्या गावात पत्रे लिहिली जात नाहीत. सूचना मिळतात त्या न विकलेल्या सोयाबीनच्या पोत्यांतून, बंद झालेल्या येण्याजाण्यातून, चावडीवर कमी झालेल्या बोलण्यातून. त्या वेळेवर वाचता येणे ही शेजारधर्माची खरी परीक्षा आहे.

बेडेकरांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावासाठी उपनिषदातील प्रतिमा निवडली : एकाच झाडावरचे दोन पक्षी, एक फळ खाणारा, दुसरा नुसता पाहणारा. कलावंताला दोन्ही व्हावे लागते. पण चक्रधरच्या रूपाने त्यांनी हेही दाखवले की नुसते पाहणे कधी कधी अपराध ठरते.

आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळांनी एका आठवड्यात 'शेजारी' पाहावा आणि 'रणांगण' वाचावी, अशी माझी सूचना आहे. चित्रपट आधी पाहावा, म्हणजे डोळे पाणावतील. मग कादंबरी वाचावी. ती रडू देत नाही. आपण कोणाला बोटीवर सोडून उतरलो, एवढेच विचारते.