शाळेवरचे आक्षेप आणि तीन मराठी ग्रंथ

शाळा या संस्थेवर आक्षेप घेणाऱ्यांविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा प्रारंभ बहुधा इव्हान इलिच यांच्या १९७१ सालच्या 'डीस्कूलिंग सोसायटी' या ग्रंथापासून होतो; मागोमाग ए. एस. नील, जॉन होल्ट, पावलो फ्रेरी ही नामावळी येते. ही माणसे मोठी आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांचे ग्रंथ वाचून 'असा विचार आपल्याकडे कोणाला सुचलाच नव्हता' असा ग्रह मराठी शिक्षकाने करून घ्यावा, हे आम्हांस मान्य नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तीन मराठी ग्रंथ समोर ठेवीत आहोत : विनोबांच्या निबंधांचा 'मधुकर' हा संग्रह, धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' आणि अनुताई वाघ यांचे 'कोसबादच्या टेकडीवरून'. ज्यांची उपजीविका शाळेवर चालते त्यांनीच शाळेच्या विरोधकांचे परीक्षण करावयाचे, यात पक्षपाताचा संभव आहे. वाचकांनी तेवढी वजावट करून घ्यावी.

इलिच यांचे मूळ म्हणणे थोडक्यात असे, की शाळेने शिकणे आणि शिकविले जाणे यांची गल्लत केली. ज्ञानाऐवजी प्रमाणपत्र, आणि योग्यतेऐवजी वर्गांची चढती पायरी समाजाच्या गळी उतरविली. जो शाळेत गेला नाही त्याला ती पायरी हीन ठरविते, आणि जो गेला व नापास झाला त्याला तर स्वतःच्याच तोंडाने आपण हीन आहोत असे म्हणावयास लाविते. शाळेऐवजी त्यांनी सुचविली ती शिकणाऱ्यांची व शिकविणाऱ्यांची परस्पर गाठ घालून देणारी जाळी. हे इलिच १९७८ साली सेवाग्रामला आले होते आणि बापूकुटीवर त्यांनी केलेले भाषण प्रसिद्ध आहे. त्या भेटीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. ज्या वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी बोलाविलेल्या परिषदेत नयी तालीमचा आराखडा पुढे आला, त्या वर्ध्याच्या आसमंतात शाळेवरचा हाच आक्षेप इलिच यांच्या कितीतरी आधी मराठीत लिहिला गेला होता.

तो लिहिला विनोबांनी. 'महाराष्ट्र-धर्म'च्या काळातील त्यांच्या निबंधांत 'जीवन आणि शिक्षण' व 'केवळ शिक्षण' हे दोन निबंध प्रत्येक शिक्षकाने वाचावेत असे आहेत. आयुष्याचे दोन तुकडे करावयाचे, पहिल्यात जगण्याची जबाबदारी मुळीच घ्यावयाची नाही आणि दुसऱ्यात शिकण्याचे नाव काढावयाचे नाही, ही चालू पद्धतीची रीत त्यांना हास्यास्पद वाटते. संपूर्ण बेजबाबदारीतून संपूर्ण जबाबदारीत एका दिवसात उडी मारावयास सांगणे म्हणजे प्रत्येकाकडून हनुमंताच्या उड्डाणाची अपेक्षा करणे होय. गीता अर्जुनाला कुरुक्षेत्रावर सांगितली गेली, आधी कोठे वर्ग भरवून नव्हे, हा त्यांचा दृष्टान्त तर विसरणे कठीण. विनोबांच्या गद्याचा गुण येथे स्पष्ट दिसतो. वाक्य आखूड, युक्तिवाद गणिती, आणि विनोद असा कोरडा की तो अंगावर आल्यावरच कळावा. इलिच यांच्या ग्रंथातील पारिभाषिक शब्दांच्या गर्दीतून वाट काढून आलेल्या वाचकाला हे निबंध म्हणजे विहिरीचे पाणी वाटेल.

तरी या निबंधांतला वाचक कोण, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. तो इंग्रजी शिकलेला, पांढरपेशा घरातला, कोणताही धंदा न येणारा आणि तरीही देशसेवा करू इच्छिणारा तरुण आहे. 'मला फक्त शिकविता येईल' असे तो म्हणतो आणि विनोबा त्याची यथेच्छ फिरकी घेतात. ती फिरकी न्याय्य आहे. पण शेतावर आणि बांधावर जन्मापासून जीवनाचे शिक्षण घेत असलेला आणि अक्षराला मात्र पारखा असा जो मुलगा, तो या निबंधांत जवळजवळ येत नाही. विनोबांनी स्वतः १९१६ साली इंटरच्या परीक्षेची वाट सोडून काशीची वाट धरली आणि आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. प्रमाणपत्र जाळावयाचे तर ते आधी हाती असावे लागते.

दुसरा ग्रंथ आम्हां गोमंतकीयांना अधिक जवळचा. धर्मानंद कोसंबी १८७६ साली साखवाळ येथे जन्मले. त्यांचे शालेय शिक्षण मराठी शाळेपुरते, आणि तेही घरच्या अडचणींमुळे तुटक झाले. 'बालबोधमेवा' या मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने जो ध्यास घेतला, त्या ध्यासापायी १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, पुढे सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश असा तो प्रवास. ज्याच्या नावापुढे विद्यापीठाची एकही पदवी नाही असा हा मनुष्य १९०६ नंतर कलकत्त्यात पाली शिकवितो, १९१० साली 'विसुद्धिमग्गा'च्या संशोधनासाठी हार्वर्डला जातो, परत येऊन फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचा प्राध्यापक होतो. इलिच यांच्या पक्षाला याहून चांगला साक्षीदार जगात मिळणार नाही. शाळा नाही, वर्ग नाही, परीक्षा नाही. आहे ती जिज्ञासा, आणि ती जेथे भागेल तेथे पायी चालत जाण्याची तयारी. १९२४ साली प्रसिद्ध झालेले 'निवेदन' हे मराठीतील अत्यंत प्रामाणिक आत्मचरित्रांपैकी एक आहे असे आमचे मत आहे. स्वतःच्या उपासमारीचे आणि अपमानाचे वर्णन करताना लेखकाचा सूर कोठेही चढत नाही.

परंतु हा साक्षीदार उलटतपासणीत काय सांगतो ते पाहावे. काशीतील अध्ययनकाळात कोसंबींचा उदरनिर्वाह अन्नछत्रावर होत होता. ते अन्नछत्र ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होते. संस्कृत शिकविणारे शास्त्री होते, आणि ते कोणास शिकवीत व कोणास दारात उभे करीत नसत हे सांगावयास नकोच. म्हणजे शाळेविना झालेल्या या असामान्य शिक्षणालाही एक संस्था लागलीच. तिचे नाव जात. इलिच यांची शिकणाऱ्यांची जाळी आपल्याकडे शतकानुशतके होती, आणि तिच्या गाठी कोणाकोणाच्या मध्ये बांधल्या जात हेही ठरलेले होते. साखवाळच्याच एखाद्या कुळाच्या मुलाने तोच 'बालबोधमेवा' वाचला असता, तर त्याने काशीला जाऊन काय खाल्ले असते? कोसंबींवर हा आरोप मुळीच नाही. पुढे बौद्ध विचारांच्या वाटेने ते जेथे पोहोचले, तेथे जातिभेदाला जागा उरली नव्हती. आक्षेप आहे तो त्यांच्या उदाहरणावरून घाईने सिद्धान्त काढणाऱ्यांवर.

याच ठिकाणी जोतीराव फुले यांचे स्मरण होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी सादर केलेले निवेदन हेही सरकारी शिक्षणावरचे आक्षेपपत्रच आहे. रयतेच्या करातून वरिष्ठ वर्गाचे उच्च शिक्षण चालते, शिक्षक बहुतांशी ब्राह्मण, शिकविणे कुणब्याच्या उपयोगाचे नाही, हे सारे त्यांनी स्पष्टपणे मांडले. पण त्यांची मागणी शाळा मोडण्याची नव्हती. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, आणि नांगराला हात लावण्याची ज्यांना लाज वाटणार नाही असे शेतकरी वर्गातले शिक्षक तयार करा, अशी ती होती. शाळेच्या विरोधकांत असे दोन पक्ष आहेत, ते एका माळेत ओवणे चूक होय. एकाला शाळेचा जाच झाला. दुसऱ्याला तिचे दारच दिसले नाही.

आमच्या भागाचा इतिहास दुसऱ्या पक्षाच्या बाजूने बोलतो. डिचोली, पेडणे, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. सरकारी शाळा पोर्तुगीज भाषेची. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना काहीसा मोकळा श्वास मिळाला आणि गावोगाव खाजगी मराठी शाळा वाढल्या. पण त्याआधी आणि नंतरही मराठी टिकली ती देवळाच्या चौकात, कोणाच्या ओसरीवर. गावाने मास्तर ठेवावा, घराघराने त्याच्या जेवणाची सोय करावी, त्याने मुळाक्षरे, पाढे, हिशेब आणि पोथीवाचन शिकवावे. सरकारच्या मदतीवाचून चाललेल्या या शिक्षणाचे कौतुक आम्ही अनेक सभांतून ऐकले आहे आणि ते कौतुक योग्यही आहे. मात्र ज्याला देवळाच्या चौकात प्रवेश नाही, त्याला त्या चौकातल्या शाळेतही नव्हता. १९ डिसेंबर १९६१ नंतर, आणि विशेषतः भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत, १९६३ ते १९७३ या दशकात, वाड्यावाड्यांवर सरकारी मराठी शाळा उघडल्या. एकशिक्षकी, कोठे भाड्याच्या खोलीत, फळा एकच. शिक्षणशास्त्राच्या कसोटीवर त्यांतल्या कित्येक नापास झाल्या असत्या. मांडवीकाठच्या आमोण्यासारख्या गावात मुंडकाराची मुलगी भाटकाराच्या मुलाशेजारी प्रथम बसली ती त्या खोलीत.

तर मग विनोबांचा आक्षेप निकाली निघाला काय? निघाला नाही. त्या खोलीत बसून ती मुलगी पाठ्यपुस्तकातले जे पाठ करी, त्याचा कुळागराशी, भरती-ओहोटीशी, मिठागराशी काही संबंध नव्हता, ही गोष्ट खरीच आहे. दोन्ही पक्ष खरे असतील तर त्यांचा मेळ कोठे पडतो, हे पाहण्यासाठी तिसरा ग्रंथ उघडावा लागतो.

ताराबाई मोडक या १९२३ पासून भावनगरात गिजुभाई बधेका यांच्या सहकारी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. बालशिक्षण हे शहरातल्या सुखवस्तू घरांपुरते राहू नये म्हणून १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले. बालवाडी उघडली तरी मुले येईनात. येथपर्यंतची कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मुले येत नाहीत तेव्हा आपण पालकांना दोष देतो. या दोघींनी तसे केले नाही. मुले येत नाहीत तर आपण मुलांकडे जावे, म्हणून वस्तीच्या अंगणातच वर्ग भरविला, ती अंगणवाडी. मुले गुरे राखतात, तर कुरणातच शाळा, ती कुरणशाळा. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते म्हणून तिला शाळा सुटते, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात, ती विकासवाडी. मॉन्टेसोरीची महागडी साधने परवडत नाहीत, तर बिया, शिंपले, खडे, पाने. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. अंगणाचे नाव राहिले आणि अंगण बहुतेक ठिकाणी गेले, हा भाग वेगळा.

'कोसबादच्या टेकडीवरून' या पुस्तकात सिद्धान्त शोधणाऱ्याची निराशा होईल. विनोबांची धार तीत नाही, कोसंबींची अलिप्तताही नाही. लहानपणीच वैधव्य आलेली, शिक्षणासाठी धडपडलेली आणि शिक्षिका झालेली एक स्त्री आपण काय केले ते सांगते, इतकेच. परंतु शाळेची वेळ, जागा, साधन आणि भिंत यांतील काय आवश्यक व काय केवळ सवयीचे, याची छाननी जितकी या पुस्तकात झाली आहे तितकी आम्हांस इलिच यांच्या ग्रंथातही आढळली नाही. इलिच शाळा ही एक अखंड वस्तू मानतात आणि ती नाकारतात. अनुताई तिचे तुकडे वेगळे करून पाहतात. घंटा सोडली, भिंत सोडली, गणवेश सोडला. रोज ठरलेल्या वेळी मुलांसमोर जाणारी बाई मात्र सोडली नाही, कारण ती सोडली तर काय उरते हे वारली पाड्यावर त्यांना दिसत होते.

हे सारे आज उगाळण्याचे कारण आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली काढलेले सृजन आनंद विद्यालय किंवा पुण्यातील अक्षरनंदन यांसारख्या प्रयोगशील शाळांनी मोठे काम केले आहे. आमच्या शिक्षकांनी तेथे जाऊन बसावे असे आम्ही नेहमी सुचवितो. पण पर्याय निवडणारा पालक आणि ज्याच्यापुढे एकच शाळा आहे असा पालक, यांत भेद आहे. गोव्यात गेल्या काही वर्षांत पटसंख्या घटल्यामुळे अनेक सरकारी प्राथमिक शाळा बंद पडल्या अथवा शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. पट घटण्याची कारणे पुष्कळ आहेत : घरात मुले कमी, इंग्रजी माध्यमाची ओढ, घराच्या दारात येणारी बस. आम्हांस खटकते ते हे, की शाळा म्हणजे निव्वळ इमारत नव्हे, शिक्षण कोठेही होऊ शकते, ही एके काळची बंडखोर वाक्ये आता विलीनीकरणाच्या समर्थनार्थ सभेत ऐकू येतात. तत्त्वज्ञाने शाळा नाकारली आणि हिशेबनीसाने शाळा मिटवली, तर वाड्यावरच्या मुलाला दोहोंतला फरक कळावा कसा?

सात मुलांची शाळा चालविणे कठीण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण सात मुले हीच कुरणशाळेची संख्या आहे. चार इयत्ता एका खोलीत बसतात याला आपण अडचण म्हणतो. विकासवाडीत लहानमोठी मुले एकाच आवारात वाढत होती. अशा शाळेच्या शिक्षकाला वेळापत्रक मोडण्याची, नदीकाठी वा कुळागरात तास घेण्याची, वाड्यावरच्या सुताराला आणि कुंभाराला वर्गात बोलाविण्याची मुभा असावी, आणि त्याला अभ्यासक्रमाचा हिशेब महिन्याला नव्हे तर वर्षाला द्यावा लागावा. डिचोली तालुक्यात दोन-तीन शाळांवर ही सवलत पाच वर्षे देऊन पाहण्यास खर्च जवळजवळ नाहीच. अकादमीच्या शिक्षक सभासदांनी तिन्ही ग्रंथ, निदान अनुतायांचा तरी, या दृष्टीने पुन्हा वाचावा आणि आपापल्या शाळेतील घंटा, भिंत व गणवेश यांपैकी काय सोडता येईल त्याची यादी लिहून पाठवावी.