झारा आणि कुंचला

परदेशात कला जपायची म्हटलं की आपल्याला आठवतो मंडळाचा हॉल, रविवारचा वर्ग, गणपतीतला कार्यक्रम आणि त्यामागे राबणारी समिती. हे सगळं हवंच. पण यातलं काहीएक पाठीशी नसताना अमेरिकेत एका माणसाने आपली चित्रकला उभा जन्म चालू ठेवली. पोटासाठी तो आचारी झाला, म्हातारपणी फुटपाथवर आला, पण चित्रं काढायचा थांबला नाही. तो जपानी वंशाचा होता; तरी त्याची कहाणी आपल्या स्मरणिकेत शोभावी अशी आहे.

जिमी त्सुतोमू मिरिकितानी १९२० साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत जन्मले आणि वाढले हिरोशिमात. म्हणजे कागदोपत्री अमेरिकन, बोलण्याचालण्यात पक्के जपानी. कावाई ग्योकुदो आणि किमुरा बुझान या नामवंत चित्रकारांची नावं ते गुरू म्हणून सांगत. खनिजांची पूड सरसात कालवून रेशमावर किंवा हातकागदावर रंगवायची, ती या गुरूंची निहोंगा शैली. जपानमध्ये तेव्हा लष्कराचा जोर होता. पोराने सैन्यात जावं असा रेटा होता आणि पोराला व्हायचं होतं चित्रकार. अठराव्या वर्षी ते अमेरिकेला परतले.

१९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा ते सिएटलला बहीण काझुको यांच्याकडे होते. अडीच महिन्यांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा ९०६६ क्रमांकाचा आदेश निघाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. बहिणीची रवानगी आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत झाली, भावाची उत्तर कॅलिफोर्नियातल्या टूली लेकला. तिथे ५,००० हून अधिक जणांनी नागरिकत्व सोडलं, त्यात मिरिकितानीही होते. जन्मभूमीतच ते परके ठरले. तिकडे हिरोशिमावर अणुबाँब पडला आणि त्यात त्यांचे कितीतरी आप्तेष्ट गेले.

युद्ध संपलं तरी सुटका लगेच झाली नाही. न्यू जर्सीतल्या सीब्रुक फार्म्समध्ये भाज्या निवडण्याच्या कामावर त्यांना धाडलं गेलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ते न्यूयॉर्कला आले ते चित्रकार म्हणून उभं राहायला. राहायला जागा नव्हती. बौद्ध मंदिराने आसरा दिला आणि तिथेच ते स्वयंपाक शिकले. मग पूर्व किनाऱ्यावरची रिसॉर्ट, क्लब, उन्हाळी शिबिरं, जिथे हंगामी काम मिळेल तिथे भटारखाना सांभाळला. लाँग आयलंडच्या एका उपाहारगृहात काम करताना चित्रकार जॅक्सन पोलॉक यांच्याशी गाठ पडल्याचं ते सांगत. पुढे पार्क अव्हेन्यूवरच्या एका घरी राहून स्वयंपाक करू लागले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मालक वारले आणि नोकरी नि छप्पर दोन्ही एकदमच गेलं.

मग वॉशिंग्टन स्क्वेअर पार्क आणि सोहोचे फुटपाथ. सरस-खनिजरंग कुठले? बॉलपेन, खडू, रंगीत पेन्सिली, वर्तमानपत्रांची कात्रणं. त्यांतूनच त्यांनी मांजरं काढली, वाघ काढले, मासे नि बांबू काढले. मांजराच्या अंगावरचा केस न् केस बारीक रेघांनी भरलेला, आणि डोळे थेट बघणाऱ्यावर रोखलेले. त्यांच्या मांजरांमागे एक आठवण होती. छावणीतला एक लहान मुलगा सतत त्यांच्या मागे असायचा आणि मांजर काढून द्या म्हणायचा. तो मुलगा छावणीतच गेला.

२००१ साली चित्रपटकार लिंडा हॅटनडॉर्फ यांना ते रस्त्याच्या कडेला चित्रं काढताना दिसले. ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर शहरात विषारी धूर कोंडला, तेव्हा त्यांनी या ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला आपल्या छोट्याशा घरी नेलं. कागदपत्रं धुंडाळताना कळलं की नागरिकत्व १९५९ सालीच परत मिळालं होतं. घर बदलल्यामुळे ते पत्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मग पेन्शन आली, ज्येष्ठांच्या निवासात खोली मिळाली, बहिणीची भेट झाली. 'द कॅट्स ऑफ मिरिकितानी' हा माहितीपट २००६ साली आला आणि ट्रायबेका महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार घेऊन गेला. त्याच वर्षी सिएटलच्या विंग ल्यूक संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. २०१२ साली, ९२ व्या वर्षी ते वारले.

आचाऱ्याचा चित्रकार झाला, असं त्यांच्याबद्दल कुणी सहज म्हणेल. ते उलटं आहे. ते मुळातले चित्रकार. झारा हाती आला तो पोटामुळे.

आता त्यांच्या कलेविषयी स्पष्टच लिहायचं तर बांबू आणि मासे निहोंगा परंपरेतला दुसरा कुणी तयार शिष्यही काढू शकला असता. टूली लेकची चित्रं मात्र फक्त त्यांचीच. बराकींच्या रांगा, मागे कॅसल रॉकचा डोंगर, उघडं माळरान. हाच देखावा त्यांनी पुन्हा पुन्हा काढला, तसंच ज्वाळांत वेढलेलं हिरोशिमाही. गुरूंकडून आलेल्या रेषेला त्यांनी अमेरिकेत भोगलेलं सांगायला लावलं. त्यांची कला अमेरिकेत जगली ती या चित्रांत.

आपण इथे परदेशात भारुड, लावणी, रांगोळी, नाटक मनापासून जपतो, पण त्यातला विषय बहुतेक वेळा तिकडचाच असतो. इथला पहिला हिवाळा, व्हिसाची वाट, तिकडे आई गेल्याचा आलेला फोन, यावर भारुड का नसावं, नाटक का नसावं? पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात अशी एक तरी नवी कलाकृती असू द्या. आणि हा माहितीपट एकदा पोराबाळांसकट बघा.