हालचाल थांबली म्हणजे वेदना थांबली?

जुन्नर-आंबेगाव भागात उसातला बिबट्या विहिरीत पडून किंवा फासात अडकून जखमी झाला, की 'बिबट्याला बेशुद्ध करून उपचार केले' अशी बातमी येते. जुन्नरजवळच्या माणिकडोह येथे अशा बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. बेशुद्ध प्राण्याला वेदना नाही, असे वाचक धरून चालतो. हे गृहीत तपासायला हवे, कारण भूलशास्त्रातल्या एका प्रतिष्ठित मापाचा अर्थ लावतानाही ते नकळत डोकावते.

या मापाला 'मॅक' म्हणतात. श्वासावाटे दिलेल्या भुलीचे फुप्फुसातले जे प्रमाण असताना चिमटा किंवा छेद दिला तरी निम्मे प्राणी हलत नाहीत, ते प्रमाण म्हणजे मॅक. 1960 च्या दशकात एडमंड एगर व सहकाऱ्यांनी ते रूढ केले. निरनिराळ्या औषधांची ताकद ताडून पाहण्यास ते उत्तम आहे. पण त्यात मोजली जाते ती हालचाल.

ही हालचाल थांबते कोठे? 1993 साली अँटोग्निनी व श्वार्ट्झ यांनी शेळ्यांवर प्रयोग केला. आयसोफ्लुरेन सर्व शरीरात पोहोचत असताना सुमारे 1.2 टक्के पुरले. ते मुख्यतः मेंदूलाच मिळेल अशी व्यवस्था करताच सुमारे 2.9 टक्के लागले. म्हणजे प्राणी निश्चल होतो तो बराचसा मेरुरज्जूमुळे. वेदनेची जाणीव मात्र मेंदूत होते.

अफूवर्गीय औषधांचे कामही मेरुरज्जूत चालते. याक्श व रूडी यांनी 1976 मध्ये उंदरांवर दाखवले, की ही औषधे थेट मेरुरज्जूपाशी दिली तरी वेदनेला मिळणारा प्रतिसाद दबतो. पुढे 1989 मध्ये, मणक्यांच्या पोकळीत मॉर्फिन दिलेल्या कुत्र्यांना हॅलोथेन कमी लागते असे आढळले. भूल कमी लागली, तर रक्तदाबही कमी ढासळतो. हा लाभ खरा आहे.

पण मांजरांचे काय? बिबट्या त्याच कुळातला, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. 1998 च्या एका अभ्यासात मॉर्फिनमुळे आयसोफ्लुरेनचा मॅक उतरला; 2006 च्या दुसऱ्या अभ्यासात लक्षणीय फरक पडला नाही. मग मांजरांना मॉर्फिन निरुपयोगी ठरवायचे का? माझ्या मते नाही. 'भूल किती वाचली?' आणि 'वेदना किती शमली?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावणे, हा या विषयावरील लेखनातला मोठा दोष आहे.

या जोडीचा खरा कस शस्त्रक्रियेनंतर लागतो. आयसोफ्लुरेन काही मिनिटांत श्वासावाटे निघून जाते. मणक्यात दिलेले मॉर्फिन अनेक तास काम करते. मात्र त्यात लघवी तुंबू शकते, श्वासावर लक्ष ठेवावे लागते आणि जागा झालेला बिबट्या हात लावू देत नाही. म्हणून तो कसा बसतो, खातो का, जखम सतत चाटतो का, याची दुरूनच नोंद ठेवावी लागते. मॅकच्या आकड्यात यातले काहीच नसते.

वर्गात असा एखादा प्रयोग शिकवताना विद्यार्थ्यांना दोन रकाने आखायला सांगावेत: प्रत्यक्ष काय मोजले, आणि त्यावरून काय मानले. बिबट्याची वेदना पुष्कळदा या दोन रकान्यांच्या मध्ये हरवते.