पानिपतास बखर, कूतास काय?

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रात जे युद्धस्मारक आहे त्यास 'शर्कत' हे नाव आहे. १९१८ च्या ऑक्टोबरात मेसोपोटेमियातील शर्कत येथे ११४ व्या मराठा पलटणीने जो पराक्रम केला त्याची ती आठवण. योग्यच झाले. परंतु त्याच नदीच्या काठी, अडीच वर्षे आधी, मराठ्यांच्या तीन पलटणी एका फसलेल्या चढाईच्या अखेरीस उपाशीपोटी शत्रूच्या स्वाधीन झाल्या होत्या. त्या गावाचे नाव कूत. त्याविषयी एखादी समर्थ मराठी कथा-कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही. बेळगाव-निपाणीच्या मुलखात ज्यांनी शाळा चालविल्या, त्या आमच्यासारख्यांना ही उणीव वाङ्मयाची म्हणूनच अधिक बोचते.

पराभवावर लिहिण्याची परंपरा मराठीस नाही असे म्हणण्याची सोय नाही. १४ जानेवारी १७६१ च्या दिवसाने मराठी गद्यास जे दिले ते कोणत्याच विजयाने दिले नसेल. रघुनाथ यादवाची पानिपतची बखर पुराणातील उपमांनी जड झालेली आहे. तिच्यातील वीर पाहता पाहता भारतातील वीर होतात आणि माणूस हरवतो. 'भाऊसाहेबांची बखर' तिच्याहून पुष्कळ सरस. तिच्यातील माणसे बोलतात, रुसतात, एकमेकांस टोचतात. नजीबखानास मल्हाररावांनी पाठीशी घातल्याचे सूत्र बखरकाराने इतक्या कौशल्याने गुंफले आहे की इतिहास काहीही म्हणो, वाचकाच्या मनातील मल्हारराव आजही बखरीतलेच आहेत.

पण याच सामर्थ्यात बखरीची मर्यादाही आहे. वर्गात हा भाग शिकवीत असता एका शेतकऱ्याच्या मुलाने आम्हांस विचारले, "सर, अडीच महिने एवढ्या बैलांना वैरण कुठली?" त्याचे उत्तर आम्हांस बखरीत सापडले, पण ओझरते. गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि रसद तुटली, ही गोष्ट सदाशिवरावांच्या तापट स्वभावाइतकीच निर्णायक होती. परंतु बखरकारास स्वभाव दिसतो, वैरण दिसत नाही. पराभव म्हणजे कोणाचा तरी दोष आणि त्यामागे दैव, एवढीच त्याची मीमांसा. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी 'पानिपत : १७६१' मध्ये भाऊंवरील हा परंपरागत ठपका कसून तपासला. पुढे विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) कादंबरीने तोच भाऊ सहृदयतेने उभा केला. तरीही आमची दृष्टी पुनःपुन्हा त्या एका माणसावरच खिळते, हे खरे.

येथे एका परक्या ग्रंथाची आठवण होते. अलेक्सान्द्र सोल्झेनित्सिन यांच्या 'ऑगस्ट १९१४' (१९७१) या कादंबरीचा विषय रशियन फौजेची पूर्व प्रशियातील फसलेली चढाई हा आहे. फ्रान्सला दिलेल्या वचनापायी, तयारी पुरी होण्याआधीच सैन्य पुढे लोटलेले. पाव मागे राहिलेला. बिनतारी संदेश उघड्या भाषेत जात असल्याने जर्मनांना ते आयते वाचावयास मिळालेले. आणि दोन सेनापतींपैकी एक दुसऱ्याच्या मदतीस न आलेला. यांतील कोणतेच कारण एकटे पुरेसे नाही. परंतु सारी मिळून सॅमसोनॉव्ह या भल्या, जड हालचालीच्या सेनापतीस अरण्यात पिस्तुलापर्यंत नेतात. युद्धात व्यक्तीस फारशी किंमत नसते या टॉल्स्टॉयच्या मताशी लेखकाने येथे उघड भांडण मांडले आहे. त्याच्या मते मूर्खपणालाही कर्ता असतो. ग्रंथात दोष आहेत. व्होरोतिन्त्सेव्ह हा कल्पित कर्नल जिथे जातो तिथे त्याला सर्व काही आधीच कळलेले असते. ते शहाणपण लेखकाचे आहे, त्याचे नव्हे. १९८३ च्या वाढीव आवृत्तीत तर स्टोलिपिनप्रकरणाने रणांगण झाकोळून टाकले. परंतु भुकेने तुटलेल्या पलटणीची रेताड वाटेवरील चाल ज्याने लिहिली त्यास हे दोष माफ आहेत. लेखक स्वतः तोफखान्याचा अधिकारी म्हणून त्याच प्रशियात लढला आणि १९४५ मध्ये तेथेच पकडला गेला, ही गोष्ट त्या पानांमागे सतत जाणवते.

आता कूतची हकीकत याच कसोटीवर पाहावी. जनरल टाउनशेंडच्या हाताखालील सहाव्या, म्हणजे पुण्याच्या, डिव्हिजनने सप्टेंबर १९१५ मध्ये कूत घेतले. पुढे बगदाद दिसू लागले आणि मोह आवरला नाही. पुरवठ्याची सारी भिस्त नदीवर, आणि नदीतून चालणाऱ्या बोटी अपुऱ्या. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी सलमान पाक येथे लढाई झाली. तीत चार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जायबंदी झाली. जखमी धक्के देणाऱ्या वाहतुकीच्या गाड्यांतून नदीपर्यंत आले. सैन्य मागे हटून कूतात शिरले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यांत होत्या. डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. त्यांतील पुष्कळजण पुढील वाटचालीत व तुरुंगछावण्यांत मेले. सुटकेसाठी आलेल्या फौजेने वेढ्यातील माणसांहून अधिक माणसे गमावली. इराणातून येणाऱ्या जनरल बारातॉव्हच्या रशियन फौजेचे काही कोसॅक स्वार मे महिन्यात तैग्रिसवरील इंग्रजांस येऊन मिळाले, तेव्हा कूत पडून गेले होते. खुद्द बारातॉव्हलाही जूनमध्ये खानकीनजवळ माघार घ्यावी लागली.

इंग्रजांनी या प्रकरणाची चौकशी केली. १९१७ च्या अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी पद सोडले. टाउनशेंडने १९२० मध्ये आपली कैफियत ग्रंथरूपाने छापली. म्हणजे ज्यांनी हुकूम दिले त्यांची बाजू कागदावर आली. ज्यांनी हुकूम पाळले, त्यांची घरी सांगितलेली गोष्ट आमच्या लहानपणी 'बसऱ्याची लढाई' या दोन शब्दांत आटलेली होती.

तेथे बखरकाराची लेखणी चालणार नाही. टाउनशेंडला दुर्योधन करून काही साधत नाही, आणि शूर मराठ्यांच्या गौरवाने तर मुळीच नाही. लेखकाने आधी बोटींची संख्या, पिठाचा शिधा आणि नदीचा पूर समजून घ्यावा. मग माणसाकडे यावे. एकच प्रसंग सुचवितो. वेढ्यात धान्य संपत आले तेव्हा घोडे कापण्यात आले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांतील बहुतेकांनी नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची संमती बिनतारी यंत्राने मागवावी लागली, आणि एप्रिल उजाडल्यावर, अंगात त्राण उरले नव्हते तेव्हा, पुष्कळांनी ते पत्करले. मराठा शिपाई शाकाहारी नव्हता. बकरे त्याने जत्रेत कापलेले होते. पण घोडा हे त्याच्या खंडोबाचे वाहन, त्याच्या देव्हाऱ्यातील टाकावर कोरलेले. संमतीची तार वाचून दाखविल्यावर त्याने तो पहिला घास घेतला तेव्हा शेजारच्या गाववाल्याकडे पाहिले की खाली मान घातली, हे चौकशी अहवालात असण्याचे कारण नाही. ते कादंबरीकारानेच लिहावयाचे आहे.